खरा त्सॉयगल ओळखायचा कसा, आणि त्याच्या नावासाठी आपण काय करायचं

ऑफिसात नवीन आलेला एक पुणेकर मित्र सोमवारी सकाळी मला फोटो दाखवत होता. सुपरमार्केटमधून आणलेली बाटली, लेबलवर सहा टोकांचा तारा, त्याखाली ठळक अक्षरात ‘त्सॉयगल’. “तू सारखं सांगतोस ना, घे, प्यायलो एकदाचा.” मी म्हटलं, “बिअर प्यायलास. त्सॉयगल अजून राहिलाय.” बिचारा गोंधळला. बाटलीवर तर तेच छापलं होतं!

त्सॉयगल म्हणजे जर्मनीतल्या काही गावांत सामाईक भट्टीवर उकळून घरच्या तळघरात आंबवलेली बिअर. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मित्राला जे सांगितलं, तेच इथे क्रमाने लिहितो. रेगेन्सबुर्ग, न्यूरेंबर्ग, एर्लांगन या बाजूला शिकायला किंवा नोकरीला नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी आहे. बिअर न पिणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण हा प्रश्न चवीपेक्षा नावाचा जास्त आहे, आणि नावावरून होणारी भांडणं हापूस खाणाऱ्या माणसाला कोणी शिकवायला नको.

पायरी १: आधी नाव नीट उच्चारा

जर्मन ‘झेड’ म्हणजे आपल्या चमच्यातला ‘च’. चहातला नव्हे, चमच्यातला. इथे आलेल्या बाकीच्या भारतीयांना हा आवाज घोकावा लागतो, आपल्या तोंडात तो जन्मापासून आहे. लिहिताना मी ‘त्सॉयगल’ लिहितो, वाचताना तुम्ही चमच्यातला ‘च’ लावा. ‘झोईगल’ म्हणालात तर गावातले लोक हसतील, पण बसायला जागा देतील.

या शब्दाचा मूळ अर्थ बिअर असा नाहीच. तिथल्या बोलीत त्याचा अर्थ खूण, निशाणी. घरात बिअर तयार झाली की दारावर खूण टांगायची आणि लोकांनी ती पाहून आत यायचं. खुणेचं नाव पुढे बिअरला पडलं. आज भांडण आहे ते खूण टांगायचा हक्क कोणाचा यावर, म्हणून हा अर्थ लक्षात ठेवा.

पायरी २: हा प्रकार नक्की काय आहे ते समजून घ्या

इथे घाई करू नका. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

बायर्नच्या, म्हणजे बव्हेरियाच्या पूर्वेला, चेक सीमेला लागून ओबरफाल्झ नावाचा भाग आहे. त्याच्या उत्तर टोकाला पाच गावांत अजून सामाईक भट्टी चालते: विंडिशएशेनबाख, त्याला खेटून असलेलं नॉयहाउस, फाल्कनबेर्ग, मिटरटाइश आणि एस्लार्न. ‘भट्टी’ हा माझा शब्द. ते तिला ‘कोमुनब्राउहाउस’ म्हणतात, म्हणजे गावाचं मद्यगृह. नॉयहाउसला बिअर करायचा हक्क १४१५ साली लॉयश्टेनबेर्गच्या लांडग्राफने, म्हणजे तिथल्या सरदाराने दिला. बायर्नचा तो प्रसिद्ध बिअर-शुद्धतेचा हुकूम १५१६ चा. म्हणजे नॉयहाउसचा हक्क त्याहून शंभर वर्षांनी जुना.

हा हक्क माणसाला नसतो, घराला असतो. घराच्या जमिनीच्या दप्तरातच त्याची नोंद असते. घर विकलं की हक्क नव्या मालकाकडे जातो. गावात कितीही वर्षं राहिलात तरी हक्काचं घर नसेल तर तुम्ही फक्त पिणार.

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना एका वाक्यात सांगतो: हे गुऱ्हाळ आहे. ऊस ज्याचा त्याचा, चुलवाण आणि काहील सामाईक, आणि गूळ परत ज्याच्या त्याच्या घरी. इथे उसाऐवजी माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेलं जव. घरमालक आपला माल्ट आणि हॉप्स (बिअरला कडसरपणा देणारी फुलं) घेऊन गावाच्या भट्टीवर येतो. मोठ्या हंड्याखाली लाकडाचा जाळ असतो. माल्ट गरम पाण्यात भिजवून त्यातला गोडवा उतरवायचा, तो काढा हॉप्स घालून उकळायचा आणि मग ‘क्यूलशिफ’मध्ये सोडायचा. क्यूलशिफ म्हणजे एक अवाढव्य, उथळ, उघडी परात, सहसा वरच्या मजल्यावर. रात्रभर काढा तिथे निवतो. हंडा वापरल्याबद्दल मालक ‘केसलगेल्ड’ भरतो, शब्दशः हंड्याचे पैसे.

दुसऱ्या दिवशी खरी गंमत. ट्रॅक्टरमागे टाकी लावून काढा आपापल्या घराच्या तळघरात न्यायचा. यीस्ट तिथे घालायचं. साधारण आठवडा-दहा दिवस तो आंबतो, मग काही आठवडे थंड तळघरात मुरतो, आणि न गाळता थेट पाहुण्याच्या पेल्यात येतो. एकाच गावाच्या, एकाच हंड्यातून निघालेल्या दोन घरांच्या बिअर म्हणूनच वेगळ्या लागतात. तळघर वेगळं, माल्टचं प्रमाण वेगळं, हात वेगळा. कोणाची गोडसर, कोणाची कडसर, कोणाची गेल्या महिन्यापेक्षा बरी. त्सॉयगलची ठरावीक चव कोणती, या प्रश्नाला उत्तर नाही. मित्राच्या बाटलीत नेमकी ठरावीक चव होती, शंका यायला तेवढं पुरे.

सगळ्या गावाची मिळून एकच भट्टी का, याचं नेहमी दिलं जाणारं कारण साधं आहे. लाकडी घरांच्या दाटीत प्रत्येकाने रात्रभर जाळ पेटता ठेवला असता तर गाव राहिलं नसतं, आणि एवढा मोठा हंडा एका घराला परवडणारा नव्हता.

पायरी ३: तारा वाचायला शिका

खूण म्हणजे सहा टोकांचा तारा, एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण. एका त्रिकोणाची टोकं म्हणजे अग्नी, पाणी, हवा. दुसऱ्याची पाणी, माल्ट, हॉप्स. यीस्ट त्यात नाही, कारण त्या काळी ते काय असतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा ज्यू धर्माचा तारा वाटतो. आकार तोच, पण इथे तो बिअरवाल्यांचं चिन्ह म्हणून आला आहे. न्यूरेंबर्गच्या एका धर्मादाय आश्रमाच्या नोंदवहीत १४२५ च्या सुमाराचं बिअर करणाऱ्याचं चित्र आहे, त्यातही हाच तारा डोक्यावर टांगलेला दिसतो.

तारा घरावर टांगलेला असेल तर त्याचा अर्थ ‘आज इथे चालू आहे’. बाटलीवर छापलेला असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की कोणीतरी तो छापला.

पायरी ४: तारीख आधी, गाव नंतर

नवे लोक गाव ठरवतात, गाडी पकडतात आणि बंद दारासमोर उभे राहतात. हे मीही केलंय. प्रत्येक घर महिन्यातून साधारण एकदाच, बहुतेक शुक्रवार ते सोमवार, आपली खोली उघडतं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घराची पाळी. गावं वर्षाचं कॅलेंडर काढतात, इंटरनेटवर ते मिळतं. ते उघडा, आपला शनिवार शोधा, कोणत्या घराची पाळी आहे पाहा आणि मगच तिकीट काढा.

पहिल्या खेपेला विंडिशएशेनबाख बरं. रेगेन्सबुर्गहून वायडनमार्गे रेल्वे थेट गावात जाते आणि नॉयहाउस तिथून चालत गाठता येतं. पाय धड असतील तर वाल्डनाब नदीच्या दरीतून फाल्कनबेर्गपर्यंत सुंदर पायवाट आहे, शेवटी खडकावर चढून बसलेला किल्ला दिसतो. विंडिशएशेनबाखजवळच जर्मनांनी विज्ञानासाठी जमिनीत ९,१०१ मीटर खोल भोक पाडून ठेवलंय. बिअरशी त्याचा काही संबंध नाही, पण एवढं लांब आलात तर बघून या.

गाडी चालवणार असाल तर इथे रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे. लायसन्स नवं असून परिविक्षेचा काळ चालू असेल तर सरळ शून्य. परतीची शेवटची गाडी आधीच बघून ठेवा.

पायरी ५: खोलीत शिरल्यावर

ही रेस्टॉरंटं नव्हेत. कोणाच्या तरी घराची, गोठ्याची किंवा अंगणाची बाजू लाकडी बाकं टाकून बसायला केलेली असते. रिकामं टेबल शोधत फिरू नका, अर्धं भरलेल्या टेबलाशी जाऊन जागा आहे का विचारा. लोक सरकतात. पाच मिनिटांत शेजारचे आजोबा तुम्ही कुठले ते विचारतील. सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात, आजोबांनाही. आपल्याला जड जातं, पण तिथे ‘आपण’ म्हणालात तर तुम्हीच परके ठरता. रोख पैसे जवळ ठेवा.

खायला थंड ताट मिळतं: घरचं सॉसेज, धुरावलेलं मांस, ब्राउन ब्रेड. शाकाहारी असाल तर ‘ओबाट्सडा’ मागा. चीज, लोणी, कांदा आणि लाल पेपरिका यांचा तो गोळा असतो. बरोबर मुळा आणि काकडीचं लोणचं येतं. पहिल्या घासाला मला बेळगावी लोण्याची आठवण झाली, दुसऱ्या घासाला ती गेली.

आता मुख्य काम. पेला पुढ्यात आला की मालकाला किंवा वाढणाऱ्या मुलीला तीन गोष्टी विचारा: काढा कोणत्या भट्टीत उकळला? आंबवला कुठे? पुढच्या महिन्यात तुमची पाळी कधी? खऱ्या घरात तिन्हींची उत्तरं एका दमात येतात, आणि बहुतेकदा तळघर बघायला चल असं आमंत्रणही. माझ्या शहरातल्या एका बिअरखान्यात नळावर ‘त्सॉयगल’ पाहून मी हेच विचारलं. वेटर प्रामाणिक होता. म्हणाला, “बॅरल येतं, वर्षभर येतं.” वर्षभर येतं म्हटल्यावर पुढचे दोन प्रश्न मी विचारलेच नाहीत.

पायरी ६: दुकानातली बाटली वाचा

मोठ्या आणि मध्यम कारखान्यांनी हा शब्द उचलला, कारण तो विकतो. त्यांच्या लेखी त्सॉयगल म्हणजे न गाळलेली, जराशी गढूळ, ‘गावाकडची’ बिअर. ती वाईट असते असं अजिबात नाही. तक्रार एवढीच, की शब्दातलं घर गेलं, पाळी गेली, सामाईक हंडा गेला आणि गढूळपणा तेवढा उरला.

लेबलवर तीन जागा पाहा. पहिली, उत्पादकाचा पत्ता: तो पाच गावांतला आहे का? दुसरी, शब्दाच्या आजूबाजूची शेपटं: ‘त्सॉयगल पद्धतीची’, ‘त्सॉयगलसारखी’. तिसरी सगळ्यांत कामाची. अस्सल भट्टीवाल्यांनी आपली एक संरक्षण-संघटना काढली आहे आणि तिचं चिन्ह आहे ‘एश्टर त्सॉयगल फॉम कोमुनब्राउअर’, म्हणजे सामाईक भट्टीवाल्याकडचा अस्सल त्सॉयगल. हे पूर्ण वाक्य आणि नुसता शब्द यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पायरी ७: कायदा इथे का अडतो ते समजून घ्या

मित्राचा लगेच प्रश्न आला, “मग जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, का घेत नाहीत?” आपल्याकडे हल्ली प्रत्येक दुखण्यावर जीआय हेच औषध सांगतात. म्हणून जरा विस्ताराने.

भौगोलिक नावाचं संरक्षण विचारतं की वस्तू कुठली. कोलोनच्या ‘क्योल्श’ बिअरला ते बसलं. तिथल्या कारखान्यांनी १९८६ मध्ये आपसांत करार केला आणि पुढे युरोपीय नोंदणीही मिळवली. कोलोनमधले आणि आसपासचे मोजके जुने हक्कदार तेवढे क्योल्शवाले, बाकी कोणी नाही, रेघ स्पष्ट. त्सॉयगलचं भांडण शहराच्या वेशीवर नाही, ते गावातल्या गावात आहे. शब्द वापरणारा कारखानाही ओबरफाल्झमध्येच असू शकतो. ‘ओबरफाल्झमध्ये केलेली बिअर’ एवढीच अट ठेवली तर नोंदणीचा पहिला फायदा त्यालाच! अट ‘सामाईक भट्टीत उकळलेली, घरच्या तळघरात आंबवलेली’ अशी हवी. पण शब्द इतकी वर्षं मोकळा फिरल्यावर, तो आता एका प्रकारच्या बिअरचं साधं नाव झालाय, असं समोरचा वकील म्हणणारच. सामान्यनाम झालेलं नाव परत एका गटाच्या हाती देणं कुठल्याही देशात अवघड.

आणखी एक बारकावा. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराचं कलम २३ वाइन आणि व्हिस्कीसारखी गाळीव दारू यांच्या नावांना जास्तीचं कवच देतं. तिथे ‘अमुक पद्धतीची’, ‘तमुकसारखी’ अशी शेपटंसुद्धा चालत नाहीत. बिअर त्या कलमात नाही. लेबलवरची शेपटं मघाशी बघायला सांगितली ती यासाठीच.

तेव्हा भट्टीवाल्यांनी तिसरा रस्ता धरला. शब्द सोडला आणि खूण धरली. ‘त्सॉयगल’वर मालकी सांगता येत नसेल, तर ‘सामाईक भट्टीवाल्याकडचा अस्सल’ हे वाक्य आणि त्याचं चिन्ह संघटनेच्या नावावर ठेवायचं आणि नियम पाळणाऱ्यालाच ते द्यायचं. शब्दाचा अर्थच खूण होता, हे आठवलं की मला या युक्तीचं कौतुक वाटतं.

याच्या जोडीला २०१८ मध्ये ओबरफाल्झच्या त्सॉयगल संस्कृतीची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून झाली. मान मोठा, पण गैरसमज नको: वारशाच्या यादीत नाव आल्याने कोणाच्या लेबलवरचा शब्द पुसला जात नाही. यादी परंपरेची दखल घेते, बाजारावर तिचा हुकूम चालत नाही.

पायरी ८: फसवं लेबल दिसलं तर

नुसता ‘त्सॉयगल’ शब्द दिसला म्हणून तक्रार करू नका, ती टिकणार नाही. मात्र लेबल किंवा जाहिरात ‘गावच्या भट्टीतली’, ‘घरच्या तळघरातली’ असं सुचवत असेल आणि माल कारखान्याचा असेल, तर ती ग्राहकाची दिशाभूल ठरू शकते. मग असं करा:

लेबलच्या पुढच्या-मागच्या बाजूचे स्पष्ट फोटो, दुकानाचं नाव आणि तारीख नोंदवा. पावती ठेवा. अन्नपदार्थांच्या फसव्या लेबलांसाठी इथल्या ग्राहक-केंद्रांचं ‘लेबेन्समिटेल-क्लारहाइट’ नावाचं संकेतस्थळ २०११ पासून चालू आहे, तिथे तक्रार टाकता येते. अनुचित स्पर्धेच्या कायद्याखाली दिशाभूल थांबवण्याचा दावा एकटादुकटा ग्राहक लावू शकत नाही. तो हक्क प्रतिस्पर्धी व्यावसायिक, मान्यताप्राप्त संघटना आणि ग्राहक-संस्था यांचा. त्यामुळे तेच फोटो भट्टीवाल्यांच्या संघटनेलाही पाठवा. वकिली भाषा वापरू नका, काय पाहिलं तेवढंच लिहा. आणि ‘खोटारडे’ वगैरे विशेषणं सार्वजनिक ठिकाणी लिहू नका, उलट नोटीस तुमच्याच घरी येईल.

याहून सोपं आणि रोजचं काम आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं आहे. ‘स्टेशनसमोर मस्त त्सॉयगल मिळते’ असं कोणी टाकलं की पुढे विचारा, कोणत्या घरची? ग्रुपवर ‘त्सॉयगल’ हा शब्द पाच गावांपुरता ठेवा, बाकीच्यांना ‘न गाळलेली बिअर’ म्हणा. बायर्नच्याच उत्तरेकडच्या फ्रँकोनियातही झेसलाखसारख्या गावात सामाईक भट्ट्या आहेत. तिथली बिअर सामाईकच, पण तिला तिच्या गावाच्या नावाने ओळखा.

घरी सुट्टीला गेल्यावर

ही पायरी नाही, जाता जाता. मित्राने शेवटी विचारलं, आपल्याकडे असं काही आहे का. आहे की! गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आसामच्या दिमासा लोकांच्या ‘जुडिमा’ला, म्हणजे भातापासून घरोघरी होणाऱ्या पेयाला, २०२१ मध्ये मिळालं. कोल्हापूरच्या गुळाला ते २०१४ पासून आहे, कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ पासून. तरी एप्रिलमध्ये मंडईत पेटीवरचं नाव वाचून आपण नाक लावतोच ना? मानांकन दहा वर्षांचं असतं, वेळेवर नूतनीकरण करावं लागतं, आणि ते वापरायला उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. हा दुसरा अर्ज पुष्कळांना माहीतच नसतो.

गोव्यात गेलात तर मार्च-एप्रिलमध्ये जा, बोंडू (काजूची फळं) पडत असतात तेव्हा. भाटी चालू असलेल्या घरी हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, मागा आणि तेच तीन प्रश्न जरा बदलून विचारा: बोंडू कुठले, भाटी कोणाची, पुढची केव्हा लागणार?

मित्र आता या शनिवारी नॉयहाउसला निघालाय. कॅलेंडर त्याने स्वतः शोधलं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र अजून मलाच विचारतोय.